साडेतीनचं गिऱ्हाईक

मी मोजणारा माणूस आहे. गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडापासून चर्नी रोड स्टेशनापर्यंत एक हजार चारशे दहा पावलं होतात, पावसाळ्यात डबकी चुकवत गेलं तर चाळीसेक जास्त. माझी बायको दुर्गा सगळ्यांना सांगते, की लग्नात मी मंगलाष्टकांकडे लक्ष न देता अक्षता मोजत होतो. हे साफ खोटं आहे. अक्षता मोजता येत नाहीत, मी प्रयत्न करून पाहिला आहे.

या खोडीमुळेच १८९४ साली अप्पासाहेबांनी मला पेढीवरून उचलून वरळीच्या किनाऱ्यावर नेऊन बसवलं. अप्पासाहेब माझे मालक. बंदरातल्या बोटींना आणि फोर्टातल्या हॉटेलांना ताजी मासळी पुरवायची, हा त्यांचा धंदा. मासळी ते वरळीच्या कोळ्यांकडून घ्यायचे, पण तिथे कोण किती भाव लावतंय हे कोणाला दिसायचंच नाही. तिथला सगळा सौदा रुमालाखाली व्हायचा.

ती रीत आधी सांगायला हवी. किनाऱ्यावर वाळूत कुशाबा नावाचा साठीचा कोळी मांडी घालून बसायचा. उजव्या हातावर तांबड्या चौकड्यांचा जाडाभरडा रुमाल, पुढ्यात मासळीची मोठी पाटी, दोन बायांनी मिळून उचलावी एवढी. घेणारे एकेक करून पुढे येत, रुमालाखाली हात घालत आणि कुशाबाच्या तळहातावर बोटं टेकवत. जितकी बोटं तितके रुपये, अंगठा धरायचा नाही. एखादं बोट मधल्या पेरात दुमडलं, तर त्याचा अर्धा रुपया. चाराच्या वर जायचं असलं, की आधी मनगट दाबायचं. कुशाबाने उलट समोरच्याची सगळी बोटं मुठीत धरली, तर त्याचा अर्थ, थांब, एवढ्यात सौदा सोडू नको. तोंडातून कोणी चकार शब्द काढायचा नाही. सगळ्यांचे हात झाले, की ज्याने जास्त लावले त्याचं नाव कुशाबा पुकारायचा. चाळीस वर्षं तो हे करत होता, आणि त्याने कधी कोणाचं बोट चुकीचं वाचलं असं म्हणणारं माणूस त्या किनाऱ्यावर नव्हतं.

माझं काम त्याच्यावर नजर ठेवण्याचं. एका पालथ्या घातलेल्या होडीवर मी बसायचो, मांडीवर वही, हातात अप्पासाहेबांनी दिलेलं घड्याळ. भाव दिसत नसला तरी जोर दिसतो, हे मला आठवड्याभरात कळलं. ज्याला माल हवाच आहे त्याचा हात चटकन आत जातो आणि बाहेर यायला रेंगाळतो. नुसता अंदाज घेणारा हात आत जातो न जातो तोच बाहेर येतो. पाट्या फार झाल्या आणि घेणारे कमी असले, की कुशाबाच समोरच्याचा हात सोडेना. मग समजायचं, आज विकणाऱ्यांच्या पायाखाली वाळू सरकतेय. मी प्रत्येक पाटीला किती हात आत गेले, कोणता हात घड्याळाचे किती ठोके, म्हणजे किती सेकंद, आत राहिला, ते लिहायचो. घेणाऱ्याच्या जोराची रेघ वर, विकणाऱ्याच्या जोराची खाली. सोनूबाई नावाची एक दांडगी कोळीण सगळ्यांत जास्त माल उचलायची. तिचा चेहरा दगडासारखा; पण तिला पाटी हवी असली, की डाव्या पायाची बोटं वाळूत रुतायची. दोन महिन्यांत दहातले नऊ भाव मी बरोबर सांगू लागलो. अप्पासाहेब खूश होते, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःवर फार खूश होतो.

"काय लिवता वो मास्तर?" कुशाबा एकदा म्हणाला. हातात वही दिसली की माणूस मास्तर, असा तिथला रिवाज होता.

"हात मोजतो," मी म्हणालो.

तो दात नसलेल्या तोंडाने हसला. "मोजा, मोजा. पन लांबून हात बघून काय कलत नाय. हातात हात धरला का कलतं."

मला ते म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं, आणि मी मान डोलावून दिली.

कार्तिकी पौर्णिमेला अचानक वादळ झालं. वरळीचे मचवे बाहेर होते. कुशाबाचा एकुलता एक मुलगा लवू मचव्यामागे दोराने बांधलेल्या लहान होडीत बसून जाळं सोडवत होता, तेवढ्यात दोर तुटला. मचव्यावरच्यांनी त्याला दोन लाटांपर्यंत पाहिलं. तिसऱ्या लाटेनंतर होडीही नव्हती आणि लवूही नव्हता. त्यांनी दोराचं टोक तेवढं ओढून घेतलं आणि घरी आणलं.

लवूची बायको मंजुळा विशीतली. तिने त्या दोराकडे पाहिलं आणि आत निघून गेली, असं मला सोनूबाईने सांगितलं. कोळीवाड्याची रीत अशी, की समुद्रात हरवलेल्याची बारा दिवस वाट पाहायची. बाराव्या दिवशी भरतीचं पाणी चढलं, की पाटील आणि जमात किनाऱ्यावर जमणार आणि बायका मंजुळेच्या बांगड्या फोडणार. धोंडू पाटील भला माणूस होता, त्याला कोणी निष्ठुर म्हणणार नाही. पण रीत ती रीत.

तिसऱ्या दिवशी कुशाबा पुन्हा रुमाल घेऊन बसला. "म्हावरं थांबत नाय," एवढंच म्हणाला. मचवे गाळ चुकवून फक्त भरतीलाच काठाला लागू शकत, त्यामुळे सौद्याची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकायची. त्या दिवशी भरती दोनच्या सुमाराला होती. मी नेहमीसारखा होडीवर बसलो.

शेवटच्या पाटीला सोनूबाईचा हात बाहेर आला. आता कुशाबाने नाव पुकारायचं. त्याने पुकारलं नाही. रुमालाखाली त्याचा हात तसाच राहिला, घड्याळाचे पाच ठोके. मग त्याने सोनूबाईचं नाव घेतलं. मी वहीत ‘५’ लिहिलं आणि मनात म्हटलं, बिचारा. मुलगा गेलेल्या माणसाचं मन ठिकाणावर कसं असेल.

चौथ्या दिवशी सात ठोके. पाचव्या दिवशी नऊ.

पाचव्या दिवशी मी होडीवरून उतरून जवळ जाऊन उभा राहिलो. ऊन डोळ्यांवर होतं, वारा पडला होता. घेणारे सगळे मागे सरकले होते, कुशाबाच्या आसपास कोणी नव्हतं. रुमाल त्याच्या हातावर पडलेला होता. एका हातावर रुमाल पडला की तो कसा दिसतो, हे मी दोन महिने पाहत होतो. हा तसा दिसत नव्हता. दोन हातांवर पडल्यासारखा दिसत होता. उंचवटा मोठा होता, आणि त्याच्या अलीकडच्या काठाला कापड अगदी हळू हलत होतं, खाली कोणीतरी बोटं पसरून ठेवावीत तसं. नंतर उंचवटा बसला. कुशाबाने रुमाल उचलला तेव्हा खाली त्याचा एकट्याचा हात होता आणि वाळू. वाळूवर काहीच खूण नव्हती. मी पाहिलं, वाकून पाहिलं.

त्या रात्री दुर्गेने विचारलं, "आज जिन्यात मोजल्या नाहीत वाटतं पायऱ्या? ओठ हलत नव्हते तुमचे."

सहाव्या दिवशी भरती पाचला होती. उशिराची भरती म्हणजे घेणाऱ्यांची पंचाईत, कारण दिवेलागणीच्या आत मासळी बाजारात पोचत नाही. त्यात त्या दिवशी सरंगा भरपूर आला होता. हात आत जात होते आणि भाजल्यासारखे बाहेर येत होते. माझ्या वहीत खालच्या रेघांची नुसती झड लागली होती. शेवटची पाटी कुशाबाच्याच घरची होती. कडीला मंजुळेने बांधलेली निळी चिंधी होती. सोनूबाईने हात घातला, तिच्या पायाची बोटं सरळ होती. दोन रुपयांच्या वर ती गेली नाही, याबद्दल मी पैज मारली असती.

कुशाबाचा हात रुमालाखाली राहिला. चौदा ठोके. त्याने डोळे मिटून घेतले होते.

"पाटी बाजूला ठेवा," तो शेवटी म्हणाला. "पान्याच्या काठाला."

"कोनाला गेली?" सोनूबाईने विचारलं.

"ज्यानं जास्ती लावले त्याला."

 दोन बायांनी पाटी उचलून ओल्या वाळूवर नेऊन ठेवली आणि मागे न बघता परतल्या. पाणी अजून थोडं चढायचं होतं. मी सामान आवरून मान वर केली, तोवर तिथे पाटी नव्हती. पाण्यावरही काही तरंगत नव्हतं.

मग मी कुशाबाजवळ जाऊन बसलो. मला मालकाला उत्तर द्यायचं होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. तिसऱ्या दिवसापासून शेवटची पाटी एकदाही साडेतीनच्या खाली गेली नव्हती. कितीही माल येवो, भाव साडेतीनला येऊन अडायचा, जसं काही कोणीतरी खालून हात लावून धरला होता. अप्पासाहेब रोज विचारत होते, हे नवं गिऱ्हाईक कोण?

"कुशाबा, शेवटी कोण हात घालतं?"

तो बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिला. "तुमी मोजलंत व्हय," म्हणाला. "मला वाटलं, मलाच भास होतो."

"कोण आहे?"

"हात हाय. मानूस नाय. सगल्यांचे झाले का येतो. रोज साडेतीन लावतो. कमी नाय, जास्ती नाय."

मी विचारलं, "लवूचा?"

"माज्या लेकाचा हात मला कलनार नाय?" तो शांतपणे म्हणाला. "पैल्या दिवशी मलाबी तसंच वाटलं. पन लवू बापाला भाव कशाला लावंल? ह्यो कोन तरी घेनारा हाय. बुडालेला म्हनाल, तर हात गार नाय. चांगला ऊन हाय."

"साडेतीन म्हणजे, कोणतं बोट दुमडतो?"

"मधलं."

मी त्याचा निरोप घेतला. दादर स्टेशनापर्यंत नारळीच्या वाडीतून चालत गेलो आणि डब्यात बसल्यावर मांडीवर पंजा ठेवून चार बोटं पसरली. अर्धा रुपया दाखवायला सगळे जण करंगळी दुमडतात, ते सोपं असतं. मी मधलं बोट दुमडून पाहिलं. दुमडलं, पण शेजारची अनामिका त्याच्यामागोमाग वाकली. पुन्हा केलं. पुन्हा वाकली. बाकीची तीन बोटं सपाट ठेवून एकटं मधलं बोट दुमडायला फार जोर लागतो. समोर बसलेले एक पागोटेवाले गृहस्थ माझ्याकडे बघून सरकून बसले. हे गिऱ्हाईक रोज इतका त्रास का घेतं, ते मला कळेना.

सातव्या दिवसापासून सौदा सकाळच्या भरतीला होऊ लागला. त्या दिवशी मी अकरा ठोके मोजले. आठव्याला नऊ. नवव्याला सहा, दहाव्याला चार. जो जोर चढत चालला होता तो उतरू लागला होता. अशी रेघ मी ओळखतो. बाजारात ती दिसली की समजायचं, गिऱ्हाईक दमलं, आता ते हात काढून घेणार.

अकराव्या दिवशी फक्त दोन ठोके. कुशाबा म्हणाला, "दाब ऱ्हायला नाय. नुसता ठेवल्यावानी ठेवतो."

त्याच दिवशी मंजुळा माझ्याकडे आली. तिला मी तोवर लांबूनच पाहिलं होतं, सुकत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे. बारीक चणीची, डोळे कोरडे. हिरव्या बांगड्या दोन्ही हातांत गच्च भरलेल्या, आणि बोलताना त्या वाजू नयेत म्हणून तिने हात छातीशी धरले होते.

"मास्तर, तुमी आमच्या बाबांचं काय लिवता?"

मी तिला वही दाखवली. तिला अक्षरं येत नव्हती, पण रेघा पटकन कळल्या. चढणारी रेघ बोटाने तिने वर नेली, उतरणारी खाली आणली, आणि बोट कोऱ्या कागदावर थांबलं.

"उद्या हितं काय असंल?"

"सांगता येत नाही."

"उद्याच माज्या बांगड्या फोडनार," ती म्हणाली. "मला रडायला येत नाय. सगल्या म्हनतात, रड गो, बरं वाटंल. पन आतून येतच नाय. तो गेला असता तर आलं असतं ना?"

मी हिशेबी माणूस. बुडालेला माणूस बारा दिवसांनी परत येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "उद्या मी येतो. लवकर येतो."

बाराव्या दिवशी भरती साडेनऊची. आभाळ स्वच्छ होतं, समुद्र ताटलीसारखा सपाट. धोंडू पाटील आणि जमातीची माणसं एका बाजूला उभी होती. दुसरीकडे बायकांच्या घोळक्यात मंजुळा बसली होती, आणि तिच्या गुडघ्याजवळ एक गुळगुळीत काळा दगड ठेवला होता. सौदा आधी, मग ते. कारण मासळी थांबत नाही.

शेवटच्या पाटीला सोनूबाईने हात घातला आणि काढला. ती मागे सरली.

कुशाबाने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, वही ठेवा. हात घाला."

"मी?"

"माजा हात आता मला खरं सांगनार नाय. मी बाप हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी घड्याळ वहीवर ठेवलं, वही होडीवर ठेवली. वाळूत गुडघे टेकले आणि रुमालाखाली हात घातला.

आधी कुशाबाचा तळहात लागला, काथ्यासारखा खरखरीत.

त्याच्यावर दुसरा हात होता.

तो गरम होता. घरात कोणी तापाने फणफणलेलं असलं की कपाळाला हात लावल्यावर लागतं, तसा गरम. तळवा खाली करून, चार बोटं पसरून नुसता ठेवलेला. त्यात काही मागणं नव्हतं.

मला भीती वाटली. पण हात काढण्याआधी मी मोजू लागलो, कारण मला दुसरं काही येत नाही.

तर्जनी पूर्ण. अनामिका पूर्ण. करंगळी पूर्ण.

मधलं अर्धं.

मी दुमड शोधली. बोट दुमडलं की पेर वर येतं, हाताला टोचतं. पेर नव्हतं. मी बोट चाचपत टोकापर्यंत गेलो, आणि टोक फार लवकर आलं. टोकावर ओली चिंधी होती. चिंधीला गाठ होती.

"दुमडलेलं नाही," मी म्हणालो.  "कुशाबा, हा भाव नाही. बोट तुटलंय."

कुशाबाचं तोंड उघडं राहिलं. चाळीस वर्षं अर्धं बोट म्हणजे अर्धा रुपया.

"दोर," तो म्हणाला. "दोरानं नेलं."

तेवढ्यात तो हात सरकू लागला. ओढून घेतल्यासारखा नाही. झोप लागताना माणसाचा हात सुटतो, तसा.

मला एकच खूण माहीत होती. मी ती चारही बोटं मुठीत धरली.

थांब. एवढ्यात सौदा सोडू नको.

काहीच झालं नाही. मग त्या बोटांनी माझ्या हाताला धरलं. अर्ध्या बोटानेसुद्धा.

ते किती वेळ होतं, मला सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मोजलं नाही.

हात गेला तेव्हा माझी मूठ रिकामी होती आणि तळहात घामाने भिजला होता. धोंडू पाटील माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. "मास्तर, तुमी शिकलेले," तो म्हणाला. "तुमी सांगाल तसं. थांबायचं का?"

मला विचारलं असतं की रुमालाखाली काय होतं, तर मी काहीच सांगू शकलो नसतो. त्याने ते विचारलं नाही. "थांबायचं," मी म्हणालो.

मंजुळा उठली. तिने तो काळा दगड उचलला, गुडघाभर पाण्यात गेली आणि लांब भिरकावून दिला. मग तिला रडू आलं. सोनूबाईने तिला पोटाशी धरलं, आणि सगळा कोळीवाडा ते रडणं ऐकत उभा राहिला. ते रडणं ऐकून बरं वाटत होतं.

पुढचे दिवस मी अप्पासाहेबांना काहीबाही सांगून निभावून नेले. रुमालाखाली पुन्हा कोणी आलं नाही. कुशाबा शेवटच्या पाटीला थोडा थांबायचा, माझ्याकडे बघून मान हलवायचा आणि नाव पुकारायचा. काळजी वाटायची, पण माझी रेघ शून्याला टेकली नव्हती. बाराव्या दिवशी मी मोजलंच नव्हतं, त्यामुळे ती अधांतरी सुटली होती. ती खाली आणायची माझी तयारी नव्हती.

एकोणिसाव्या दिवशी उत्तरेकडून शिडांचा एक मोठा पडाव आला आणि वरळीसमोर थांबला. त्यातून उतरवलेल्या होडीत एक माणूस बसला होता, हाडं वर आलेली, दाढी वाढलेली, उजव्या हाताला फडकं. मंजुळा पाण्यात धावत गेली. कुशाबाला उठताच येईना. त्याने वाळूत बसल्या जागी दोन्ही हात पुढे केले.

दोराच्या फासात लवूचं बोट गेलं होतं, म्हणून दोर तुटताना अर्धं बोट घेऊन गेला. होडीच्या एका फळीला धरून तो दोन दिवस वाहत राहिला. डहाणूच्या पलीकडच्या एका खाडीकाठी एका म्हाताऱ्या कोळणीला तो गाळात सापडला. हात सुजून ताप चढला होता. आपण कोण, कुठले, हे सांगायचीही शुद्ध त्याला बरेच दिवस नव्हती. वरळीपासून ती जागा ऐंशी मैलांवर असेल.

त्याने मला आधी लांबूनच पाहिलेलं, आम्ही कधी बोललोही नव्हतो. तरी सगळ्यांच्या गराड्यातून तो माझ्याकडे आला, आणि काही न विचारता त्याने माझा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला. त्याचा अंगठा माझ्या बोटांवरून फिरला आणि मधल्या बोटाच्या नखाशेजारी थांबला. टाक धरून धरून तिथे घट्टा पडला आहे.

"ह्यो," तो म्हणाला.

कोणाला काही समजलं नाही, फक्त कुशाबाने मान खाली घातली.

"झोपडीच्या खाली भरतीचं पानी लागलं का बाबांचा हात यायचा," लवू म्हणाला. "रोज. मी आपला हात ठेवायचो त्याच्यावर. शेवटी ताकद नव्हती, सोडनार होतो. तवा ह्यो आला. हितं गाठ व्हती. त्यानं सांगितलं, थांब."

 मला आनंद झाला होता, इतका की मी पार वेड्यासारखा हसत होतो, आणि पाठीवरून काटा सरकत होता, दोन्ही एकदम.

होडीवाल्याने मागून लवूचं सामान खाली दिलं. सामान कसलं, म्हातारीने दिलेलं एक घोंगडं आणि दोन नारळ, एका मोठ्या पाटीत ठेवलेले. मंजुळेने पाटी घ्यायला हात पुढे केला आणि तशीच थांबली. पाटीच्या कडीला निळी चिंधी होती. तिने गाठ उलटून पाहिली. दुसऱ्या कोणाला पाहायची गरज नव्हती.

"ही म्हातारीला दारात गावली," लवू सांगत होता. "एका सांजच्या भरतीला. सरंगे व्हते तिच्यात, ताजे, तोंडं हलत व्हती. त्यांचंच सार तिनं मला पाजलं. पोटात ऱ्हायलं ते तेवढंच."

मी होडीवर जाऊन बसलो आणि वही उघडली. सहाव्या दिवसाच्या पानावर शेवटच्या पाटीपुढे भाव लिहिलेला होता आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. मी टाक शाईत बुडवला आणि तिथे नाव लिहिलं, लवू कुशाबा.